यादी कोणाच्या हाती?

जुलै १९९४ च्या मध्यास, अवघ्या चार-पाच दिवसांत, रवांडा या मध्य आफ्रिकेतील लहानशा देशातून आठ लाखांच्या आसपास माणसे सीमा ओलांडून शेजारच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, गोमा या गावाभोवती येऊन पडली. तेथील जमीन न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्हाची. तीत कुदळ शिरत नाही, त्यामुळे शौचकूप खणता येत नव्हते आणि मृतांना पुरताही येत नव्हते. पाणी काय ते किवू सरोवराचे. २० जुलैला पटकीची साथ असल्याचे निश्चित झाले आणि महिनाभरात सुमारे पन्नास हजार माणसे दगावली. ही दृश्ये दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचली. युरोप-अमेरिकेतून डॉक्टर, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे अभियंते, गोदाम सांभाळणारे, ट्रक चालविणारे अशी हजारो माणसे धावून आली. शंभराहून अधिक संस्थांचे फलक त्या काळ्या खडकांवर उभे राहिले. त्या स्वयंसेवकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे काहीही कारण नाही. पटकी त्यांनी आटोक्यात आणली आणि असंख्य प्राण वाचविले, हे इतिहासाने नोंदविलेच पाहिजे.

परंतु साथ ओसरली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कामाला नित्याची शिस्त येऊ लागली, तसे या मंडळींच्या लक्षात एक विचित्र गोष्ट येऊ लागली. कागदावर धान्य पुरेसे येत होते. गोदामातून ते बाहेरही पडत होते. तरीही पोषण केंद्रांत आणली जाणारी मुले हाडांचे सापळेच होती. ज्या घरांत कर्ता पुरुष नव्हता, त्या घरांतील मुलांची स्थिती सर्वांत वाईट. आणि त्याच वेळी छावणीच्या बाजारात मदतीच्या धान्याची पोती आणि तेलाचे डबे उघड्यावर विकले जात होते.

हे का घडत होते ते कळण्यासाठी ही माणसे कोण होती हे पाहावे लागेल. ६ एप्रिल १९९४ रोजी रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान किगाली येथे पाडले गेले. त्यानंतरच्या सुमारे शंभर दिवसांत तेथील हुटू जहालांच्या राजवटीने तुत्सी जमातीचा पद्धतशीर संहार केला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आठ लाखांच्या आसपास माणसे त्यात मारली गेली. हा संहार संतापलेल्या जमावाचा उद्रेक नव्हता. तो प्रशासनाच्या द्वारे झाला. प्रांत, कम्यून, सेक्टर आणि त्याखालचे सेल अशी त्या देशाची रचना होती. कम्यूनचा प्रमुख जो बूर्गमेस्त्र, त्याच्याकडे रहिवाशांच्या याद्या होत्या आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात लिहिलेली होती. त्या याद्यांनी मारेकऱ्यांना घरे दाखविली. जुलैमध्ये तुत्सींच्या प्रभावाखालील रवांडन देशभक्त आघाडीचा विजय झाला, तेव्हा पराभूत सरकार, त्याचे सैन्य, इंटराहामवे नावाच्या टोळ्या आणि त्यांच्या मागोमाग लक्षावधी सामान्य हुटू शेतकरी देश सोडून निघाले. सामान्य माणसांतील काही भीतीने निघाले, काहींना बळाने काढले गेले. मात्र निघताना ते कम्यूनवार निघाले आणि छावणीत कम्यूनवारच बसले. ज्याच्या हाती संहाराची यादी होती, बहुधा त्याच्याच हाती आता शिध्याची यादी आली.

मदत संस्थांनी असे का होऊ दिले? उत्तर साधे आहे. आठ लाख माणसांना उद्या सकाळी अन्न द्यायचे आहे, भाषा येत नाही, माणूस ओळखता येत नाही, हाताशी कर्मचारी मूठभर. अशा वेळी कोणी नीटनेटका, फ्रेंच बोलणारा, शिकलेला गृहस्थ पुढे येऊन सांगतो की, माझ्या कम्यूनची इतकी माणसे आहेत, धान्य माझ्याकडे द्या, मी वाटतो. तेव्हा नाही म्हणणे कठीण असते. शिवाय काम खरोखर सुरळीत चालते. रांगा लागतात, गोंधळ होत नाही, अहवालात आकडे जुळतात. दहा माणसांच्या जागी पंधरा लिहिली की पाचांचे धान्य शिल्लक उरते. त्यातले काही बाजारात जाते, काही पराभूत सैन्याच्या शिपायांकडे, आणि काही त्या घरांवर अंकुश ठेवण्यासाठी राखून ठेवले जाते. जो आज्ञेत राहील त्याचे नाव यादीत राहील, जो परत मायदेशी जाण्याची भाषा करील त्याचे नाव गळेल. संस्थांनी छावणीतूनच जे मदतनीस पगारावर घेतले होते, त्यांच्या पगारातूनही हे पुढारी वर्गणी म्हणून हिस्सा कापून घेत. परत जाऊ इच्छिणाऱ्यांना मारहाण होई. काहींचे खूनही झाले.

मध्य प्रदेशच्या महसूल खात्यात प्रस्तुत लेखकाची तीसेक वर्षे गेली. तेथील दुष्काळी कामांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना गोम्याच्या या हकिगतीत अपरिचित असे फारसे काही वाटणार नाही. मजुरांच्या हजेरीपटाला सर्वजण मस्टर म्हणतात. मस्टर घेऊन मातीकामावर उभे राहावे आणि नावे पुकारावीत, तर प्रत्येक नावाला ‘हजर’ असा आवाज येतोच. आवाजावर विसंबू नये, आधी डोकी मोजावीत आणि मग नावे पुकारावीत, हे जुने पटवारी नव्या अधिकाऱ्यास पहिल्या दिवशी सांगत. अंगठ्यांचे ठसे भिंगाखाली धरले की एकच अंगठा सात-आठ नावांसमोर उमटलेला दिसे. सांगायचे ते इतकेच की, मदतकार्यातील चोरी बहुतेक वेळा गोदामाचे कुलूप फोडून होत नाही. पोते जागचे हलण्यापूर्वी ती कागदावर पुरी झालेली असते. गोदामाचा हिशेब चोख असतो आणि चोरी यादीत असते. म्हणूनच ती हिशेब तपासणाऱ्यास दिसत नाही. दिसते ती मुलाच्या दंडाचा घेर मोजणाऱ्या परिचारिकेला.

यादीवरचा हा अविश्वास आपल्याकडे फार जुना आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून इंग्रज सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या. त्यांचा मुख्य आधार असा की, मदत कोणाला द्यायची हे यादी करणाऱ्याने ठरवू नये. कष्टाचे काम कमी मजुरीवर ठेवावे, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच येईल. जे काम करू शकत नाहीत अशा वृद्ध, अपंग, अनाथांसाठी मात्र यादी अटळ होती. ती गावकामगार करीत आणि तिच्यावर फिरत्या तपासनिसांची देखरेख असे. या पद्धतीत क्रौर्य होते. उपाशी माणसाकडून खडी फोडून घेणे हे क्रौर्यच. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी धान्याचे प्रमाण दिवसाला एक पौंडावर आणले तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याला विरोध केला. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी जिल्ह्याजिल्ह्यांतून खरी माहिती गोळा करवून सरकारपुढे मांडीत होते. सरकारी आकड्याला गावातून आलेल्या आकड्याने उत्तर देणे हे त्या काळी मोठेच कार्य होते. गोम्यातील स्वयंसेवकांना नेमकी तीच गोष्ट करता येत नव्हती.

वस्तुतः हा पेच त्यांच्यापुढे पहिल्यांदा आला असे नाही. पंधरा वर्षांपूर्वी थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर तो जवळजवळ याच रूपात उभा राहिला होता. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने नोम पेन्ह घेतले आणि ख्मेर रूज राजवट कोसळली. त्या वर्षाच्या अखेरीस भुकेलेल्या कंबोडियनांचे लोंढे थायलंडच्या सीमेवर येऊ लागले. त्यांत बळी होते तसे बळी घेणारेही होते. ऑक्टोबरमध्ये उघडलेल्या सा केओ छावणीत ख्मेर रूजचे अधिकारी आपल्या माणसांवर पूर्वीचाच ताबा ठेवून होते. सीमेवरील इतर वस्त्या निरनिराळ्या बंदूकधारी सरदारांच्या ताब्यात होत्या. नोंग सामेत येथील प्रमुखाने आपल्याकडे दोन लाख माणसे असल्याचे सांगितले, आणि आरंभी जवळपास तितक्या माणसांचे धान्य रवानाही होऊ लागले. प्रत्यक्षात वस्ती त्याच्या निम्म्याहूनही कमी होती, हे पुढे उघड झाले. तांदळाचे ढीग एकीकडे आणि कुपोषित मुले दुसरीकडे, हे चित्र तेथेही दिसले.

पण तेथे दोन उपाय निघाले आणि ते दोन्ही स्मरणात ठेवण्याजोगे आहेत. पहिला उपाय रॉबर्ट अ‍ॅश या तरुण इंग्रज स्वयंसेवकाने नोंग चान येथे डिसेंबर १९७९ मध्ये सुरू केला. तेथील वस्तीचा प्रमुख काँग सिलेआ याने त्याला साथ दिली. कंबोडियाच्या आतल्या भागातून जो कोणी सीमेपर्यंत चालत, सायकलने वा बैलगाडीने येईल, त्याच्या हाती थेट तांदूळ द्यायचा आणि त्याने तो घेऊन आपल्या गावी परत जायचे. मध्ये सरदार नाही, गोदाम नाही, छावणीची यादी नाही. या व्यवस्थेला ‘भूसेतू’ असे नाव पडले. १९८० च्या पावसाळ्यापूर्वी याच वाटेने भाताचे बियाणेही आत गेले आणि शेतकऱ्यांना छावणीत अडकून न पडता आपल्या शेतावर राहता आले. दुसरा उपाय असा की, काही छावण्यांत शिधा पुरुषांच्या हाती देणे बंद झाले. स्त्रिया आणि जाणत्या वयाच्या मुली यांना मैदानात ओळीने बसवायचे, डोकी मोजायची, आणि एका स्त्रीमागे घरातील इतरांचा हिस्सा धरून तिच्या हाती तांदूळ द्यायचा. लढणाऱ्या पुरुषांना आंतरराष्ट्रीय मदतीचे अन्न द्यायचे नाही, हा त्यामागील हेतू. या पद्धतीत ज्या घरांत स्त्रिया कमी त्या घरांचे नुकसान होई. ती निर्दोष नव्हती. तथापि सरदाराने सांगितलेल्या आकड्याची जागा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने घेतली, ही मोठी गोष्ट होती.

यानंतर इथिओपियात निराळाच प्रकार घडला. १९८४-८५ च्या दुष्काळात जगाने त्या देशासाठी मन मोकळे करून पैसा दिला. जुलै १९८५ मध्ये लंडन आणि फिलाडेल्फिया येथे झालेल्या गायनाच्या मोठ्या जलशांतूनही निधी उभा राहिला. मेंगिस्तूच्या लष्करी राजवटीने त्याच मदतीच्या आधारे उत्तरेकडील बंडखोर भागांतून लक्षावधी शेतकऱ्यांना नैर्ऋत्येकडे हलविण्याची मोहीम चालविली. धान्य मिळेल या आशेने केंद्रावर आलेली माणसे पकडून वाहनांत कोंबली जात. पोते चोरीस गेले नाही, तर पोते हेच आमिष झाले. ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या फ्रेंच डॉक्टरांच्या संस्थेने यावर उघडपणे बोलण्याचे धैर्य केले आणि डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आले. इतर बहुतेक संस्था गप्प राहिल्या. बोललो तर काम बंद होईल आणि काम बंद झाले तर मुले मरतील, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे खोटे नव्हते, हेच त्यातील दुःख.

ही संस्था १९७१ मध्ये जन्मली ती बियाफ्राच्या युद्धातून परतलेल्या काही डॉक्टरांच्या पुढाकाराने. ज्या माणसाची शुश्रूषा करायची त्याच्यावर होणारा अन्यायही जगाला सांगायचा, ही तिच्या स्थापनेमागील एक प्रेरणा. म्हणून १९९४ मध्ये गोम्यात जे दिसले त्याकडे दुर्लक्ष करणे तिला विशेष जड गेले.

नोंग चानचा उपाय गोम्यात का चालला नाही? प्रयत्न झाले नाहीत असे नाही. निर्वासितांची नव्याने मोजणी करावी, शिधापत्रिका द्याव्यात, धान्य कम्यूनच्या पुढाऱ्याऐवजी कुटुंबाच्या हाती द्यावे, असे प्रस्ताव पुढे आले. पण मोजणी म्हणजे सत्तेच्या मुळावर घाव, हे पुढारी ओळखून होते. गोम्यापूर्वीच त्याचा पडताळा टांझानियातील बेनाको छावणीत आला होता. झाँ-बाप्तिस्त गातेते हा मुरांबी कम्यूनचा माजी बूर्गमेस्त्र जून १९९४ मध्ये तेथे होता. संहारातील सहभागाबद्दल त्याचे नाव घेतले जात होते. त्याला छावणीतून हलविण्याचे ठरताच हजारोंचा जमाव मदत अधिकाऱ्यांवर चालून आला आणि कर्मचाऱ्यांचे प्राण संकटात आले. याच गातेतेला रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पुढे २०११ मध्ये वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले. अशा माणसाच्या हातून यादी काढून घेणे हे डॉक्टराचे किंवा परिचारिकेचे काम नव्हते. ते पोलिसाचे काम होते, आणि पोलीस कोणी पाठवीत नव्हते.

संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बुट्रोस घाली यांनी छावण्यांतून बंदूकधाऱ्यांना वेगळे काढण्यासाठी सैन्य मागितले. ज्या राष्ट्रांनी विमाने भरभरून धान्य पाठविले, त्यांनी शिपाई पाठविण्यास मात्र जवळजवळ एकमुखाने नकार दिला. अखेर १९९५ च्या आरंभी निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने झाईरच्याच सैन्यातील दीड हजार शिपाई पगारावर घेतले. त्यामुळे छावण्यांतील रोजची गुंडगिरी काहीशी कमी झाली. १९९५ च्या नोंदणीत निर्वासितांचा आकडाही पूर्वी सांगितल्यापेक्षा बराच खाली आला आणि वाटप हळूहळू कुटुंबापर्यंत पोहोचू लागले. परंतु संहार करणाऱ्यांचा छावणीवरील मूळ ताबा सुटला नाही, आणि तेथूनच रवांडावर हल्ल्यांची तयारी चालू राहिली.

तत्पूर्वी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, अनेक संस्थांनी एकत्र येऊन इशारा दिला की, स्थिती अशीच राहिली तर आम्हांला काम थांबवावे लागेल. त्याच महिन्यात ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’च्या फ्रेंच शाखेने रवांडन निर्वासितांच्या छावण्यांतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. आमच्या औषधांवर आणि अन्नावर मारेकऱ्यांची सत्ता पोसली जात आहे, आम्ही तिचे साधन होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. याच संस्थेच्या बेल्जियन आणि डच शाखा मात्र राहिल्या. आतून दबाव आणता येईल, असे त्यांना वाटत होते. १९९५ मध्ये त्याही बाहेर पडल्या. एकाच संस्थेतील, एकाच ध्येयाच्या माणसांत मतभेद व्हावा, इतका हा प्रश्न अवघड होता. बाहेर पडणाऱ्यांपैकी फियोना टेरी यांनी नंतर २००२ मध्ये या सर्व अनुभवांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अफगाण निर्वासितांच्या पाकिस्तानातील छावण्यांपासून गोम्यापर्यंत तोच दोष पुन्हा पुन्हा कसा घडत गेला हे दाखविले.

राहणाऱ्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. उच्चायुक्त सादाको ओगाता यांची भूमिका अशी की, छावणीत मारेकरी आहेत हे खरे, पण बहुसंख्य स्त्रिया आणि मुले आहेत. चार वर्षांच्या मुलाने कोणाचा वध केला? संस्था गेल्या तर प्रथम उपाशी राहील ते मूल. बंदूकधारी तर सर्वांत शेवटी उपाशी राहील. या युक्तिवादाला आजवर कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही. फ्रेंच शाखा बाहेर पडली तेव्हा तिची जागा इतर संस्थांनी घेतली, म्हणून मुले उघड्यावर पडली नाहीत. सर्वच संस्था एकाच दिवशी गेल्या असत्या तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

या छावण्यांचा शेवट ना राहणाऱ्यांनी केला ना जाणाऱ्यांनी. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९६ मध्ये रवांडाच्या नव्या सरकारचे सैन्य आणि त्याने उभे केलेले काँगोतील बंडखोर यांनी छावण्यांवर हल्ले चढविले. नोव्हेंबरच्या मध्यास मुगुंगा छावणी फुटली आणि काही दिवसांतच पाच लाखांहून अधिक माणसे पायी मायदेशी परतली. उरलेले पश्चिमेकडील अरण्यात पांगले. त्यांच्यात मारेकऱ्यांबरोबर निरपराध माणसेही मोठ्या संख्येने होती. तेथे त्यांची जी कत्तल झाली तिची नोंद संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. मे १९९७ मध्ये झाईरची मोबुतू राजवटही गेली आणि त्या प्रदेशात जी युद्धे पेटली त्यांची धग आजही पुरती विझलेली नाही.

या साऱ्या इतिहासातून प्रस्तुत लेखकास दोन प्रकारच्या चोरींतील भेद महत्त्वाचा वाटतो. एक चोरी लोभापायी होते. नोंग सामेतचा सरदार किंवा आपल्याकडील मस्टरवर खोटी नावे भरणारा मुकादम यांना पैसा हवा असतो. मोजणी कडक केली, वाटपाची वाट बदलली, धान्य स्त्रीच्या हाती दिले, की ही चोरी आटोक्यात येते. ती निपटून निघत नाही, पण भुकेल्यापर्यंत पुरेसे पोहोचू लागते. येथे स्वयंसेवकाने हात झटकून निघून जाणे योग्य नव्हे. त्याने रॉबर्ट अ‍ॅशप्रमाणे डोके चालविले पाहिजे. दुसरी चोरी सत्तेपायी होते. गोम्यातील पुढाऱ्याला धान्य विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा यादीवरून मिळणारी हुकमत अधिक मोलाची होती. अशा ठिकाणी मोजणीचा प्रयत्न हाच युद्धाचा प्रसंग होतो. तेथे उपाय करण्याचे दायित्व राज्यांचे असते. राज्ये ते टाळतात, आणि आम्ही धान्य पाठविले आहे असे म्हणून समाधान मानतात. स्वयंसेवकांचा चांगुलपणा हा त्या टाळाटाळीवरचा पडदा होतो. १९९४ च्या एप्रिल-मे महिन्यांत, रवांडात कत्तल चालू असताना, जगातील मोठ्या सरकारांनी पाठ फिरविली होती. तीच सरकारे जुलैमध्ये पाण्याच्या टाक्या घेऊन हजर झाली, हा क्रम विसरता येत नाही.

फ्रेंच शाखेने छावणी सोडली ती या पडद्याचा भाग होण्याचे नाकारले म्हणून. तिच्या जाण्याने चोरी थांबली नाही, पण जगाला चोरी मान्य करावी लागली. पदाचा राजीनामा देणाऱ्या सज्जन अधिकाऱ्याच्या कृतीचे मोल जितके आणि जेवढे मर्यादित असते, तितकेच या कृतीचेही होते. ओगातांनी राहून जे केले त्याचेही मोल आहे. या दोघांपैकी एकाला दोषी ठरवून मोकळे होण्याचा मोह आपण टाळावा. दोष तिसऱ्याचा होता.

गोम्यानंतर काही गोष्टी सुधारल्या. मार्च १९९६ मध्ये अनेक देशांनी आणि संस्थांनी मिळून केलेल्या रवांडा मदतकार्याच्या मूल्यमापनाचा अहवाल प्रसिद्ध झाला. राजकीय कृतीची जागा मदतकार्य घेऊ शकत नाही, हा त्याचा मध्यवर्ती निष्कर्ष होता. त्यानंतर १९९७ मध्ये ‘स्फीअर’ नावाने संस्थांनी एकत्र येऊन मदतकार्याचे किमान दंडक ठरविण्यास आरंभ केला. माणशी पाणी किती, अन्न किती, वाटपाची माहिती लाभार्थ्याला आधी कशी द्यावी, असे नियम त्यात आले. तुझ्या नावावर इतके धान्य आले आहे, हे बाईला आधीच ठाऊक असले की तिचा हिस्सा कापणे थोडे कठीण होते. पुढे डोळ्यांच्या बुबुळांची नोंद, बोटांचे ठसे, मोबाईलवरून थेट पैसे असेही उपाय आले. त्यांचा उपयोग होतो. पण यंत्रात नाव कोणी घातले आणि कोणाचे घातले नाही, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही.

आपल्या वाचकांच्या घरांतून आता मुले-मुली परदेशी केवळ नोकरीसाठीच जातात असे नाही. कोणी डॉक्टर म्हणून, कोणी अभियंता म्हणून, वर्ष-सहा महिने अशा कामांवरही जातात, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. तो बाळगावाच. निघताना त्यांना औषधे, गरम कपडे आणि घरचे पीठ बरोबर देतो, तसे एक शहाणपणही द्यावे. कामाच्या पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी विचाराव्यात. ही यादी कोणी केली? आणि जिचे नाव तीत नाही, ती बाई आपले नाव घालण्यासाठी कोणाकडे जाते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातील माणूसच असेल, तर गोदामाचे हिशेब कितीही जुळोत, तेथे सावध राहावे. जे दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवावे, आपल्या संस्थेला सांगावे, आणि संस्था ऐकत नसेल तर ऐकणारा शोधावा. धान्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला यापैकी काहीच करता येत नाही. तिच्या वतीने ते करणे हाही सेवेचाच भाग आहे.